फाइली कोठे ठेवाव्यात? अंतर्भूत वेब सर्व्हर आणि बाहेरचे फोल्डर

संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींची संख्या आता चांगलीच वाढली आहे. कोणी पदविका करीत आहे, कोणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोणी नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गाला जातो. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागतो. ग्रंथालयाची नोंद असो, वसतिगृहाचे अर्ज असोत की शिष्यवृत्तीची यादी, बहुतेक प्रकल्पांचा साचा एकच असतो. जावा भाषेतला, स्प्रिंग बूटच्या आधाराने उभा केलेला वेब प्रोग्रॅम, आणि त्यात कोठे ना कोठे 'फाइल चढवा' असे एक बटण. त्या बटणामागे फाइल नेमकी कोठे जाऊन पडते आणि मागेल त्याला ती परत कशी मिळते, याचा विचार मात्र फार थोडे विद्यार्थी करतात. प्रस्तुत लेखात एवढ्या एकाच मुद्द्याचा विचार करावयाचा आहे.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो, म्हणजे पुढील विवेचन कोरडे वाटणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका वस्तीतील अभ्यासिकेसाठी मी असा एक प्रोग्रॅम लिहून दिला. अभ्यासिका दोन खोल्यांची. कोपऱ्यात एक जुना संगणक सर्व्हर म्हणून ठेवलेला, शेजारी राउटर. इंटरनेट नसले तरी चालेल. मुलांनी आपल्या मोबाइलवरून त्या संगणकाला जोडून घ्यायचे आणि स्पर्धा परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका, एकमेकांच्या नोट्स उघडून वाचायच्या, एवढीच कल्पना. माझ्या लॅपटॉपवर सर्व काही नीट चालत होते. अभ्यासिकेतल्या संगणकावर बसवले, तेथेही चालले. मुलांनी उत्साहाने फाइली चढवल्या. पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली, संगणक बंद पडला. वीज आल्यावर कोणीतरी तो सुरू केला. प्रोग्रॅम उघडला, यादीही दिसली. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या नोट्स चढवणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, यादीत नाव दिसतंय, पण उघडत नाही." पाहतो तो प्रत्येक नावावर ४०४, म्हणजे 'सापडत नाही'. यादी डेटाबेसमध्ये होती म्हणून शाबूत राहिली. फाइली मात्र एकूण एक नाहीशा झाल्या होत्या.

तिची वही तिच्याजवळ होती म्हणून तिचे निभावले. ज्या जुन्या प्रश्नपत्रिका मुलांनी ओळखीपाळखीतून मागून आणल्या, फोटो काढून लगेच परत केल्या आणि जागा अपुरी पडते म्हणून मोबाइलमधूनही पुसल्या, त्या गेल्या त्या गेल्याच. यंत्र बिघडले नव्हते, वीज मंडळाचाही दोष नव्हता. दोष माझा होता, आणि तो मी लिहिलेल्या एका ओळीत होता.

ती ओळ समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. पूर्वी जावाचा वेब प्रोग्रॅम आणि वेब सर्व्हर या दोन वेगळ्या वस्तू असत. अपाची टॉमकॅटसारखा सर्व्हर संगणकावर आधी बसवायचा आणि आपला प्रोग्रॅम 'वॉर' फाइलीच्या रूपाने त्याच्या वेबॲप्स या फोल्डरात टाकायचा. टॉमकॅट ती फाइल तेथेच उलगडून तिचे नेहमीच्यासारखे फोल्डर तयार करी. प्रोग्रॅममधून 'माझा खरा पत्ता कोणता?' असे विचारले (जावात त्यासाठी गेटरियलपाथ नावाची पद्धत आहे) की त्या उलगडलेल्या फोल्डराचा पत्ता मिळे. पुष्कळ जुन्या पुस्तकांत आणि वर्गातल्या टिपणांत हीच युक्ती दिलेली आढळते. पत्ता विचारा, त्यात अपलोड्स नावाचे फोल्डर करा आणि फाइल तेथे लिहा. खरे म्हणजे तेव्हाही ही युक्ती धोक्याचीच होती. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकली की टॉमकॅट जुने उलगडलेले फोल्डर काढून टाकतो, आणि त्याबरोबर लोकांच्या फाइलीही जातात.

स्प्रिंग बूटची पहिली आवृत्ती २०१४ च्या एप्रिलमध्ये आली आणि ही रचना उलटी झाली. आता सर्व्हरच्या पोटात प्रोग्रॅम नसून प्रोग्रॅमच्या पोटात सर्व्हर असतो. यालाच अंतर्भूत वेब सर्व्हर म्हणावयाचे. टॉमकॅट, आपला जावा कोड, चित्रे, शैलीपत्रके, सर्व मिळून एकच 'जार' फाइल तयार होते. ती एका आज्ञेने सुरू केली की ८०८० क्रमांकाच्या पोर्टवर सेवा चालू. सोय मोठीच आहे. मात्र जार ही मुळात झिप पद्धतीने बांधलेली गाठोड्यासारखी वस्तू आहे. तिचे शेपूट बदलून झिपच्या साधनाने उघडून पाहावी, आतले सर्व दिसते. ती वाचण्यासाठी असते. चालू प्रोग्रॅमने स्वतःच्या जारमध्ये नवी फाइल लिहावी अशी सोय नाही आणि असूही नये.

मग जारच्या आत बसलेल्या टॉमकॅटला 'खरा पत्ता कोणता?' असे विचारले तर तो काय सांगतो? येथेच मी फसलो. स्प्रिंग बूट आधी पाहते की, प्रोग्रॅम ज्या फोल्डरात उभे राहून सुरू केला तेथे एसआरसी-मेन-वेबॲप, पब्लिक किंवा स्टॅटिक नावाचे फोल्डर आहे काय. असल्यास तोच पत्ता. नसल्यास ते संगणकाच्या तात्पुरत्या जागेत, लिनक्सवर बहुधा टीएमपी या फोल्डरात, 'टॉमकॅट-डॉकबेस' असे नाव आणि पुढे काही अंक लावून एक नवे फोल्डर निर्माण करते आणि त्याचा पत्ता देते. माझ्या लॅपटॉपवर प्रकल्पाचे पूर्ण फोल्डर होते, त्यामुळे फाइली वेबॲपमध्ये जात आणि टिकत. अभ्यासिकेत नुसती जार नेली होती, म्हणून फाइली तात्पुरत्या जागेत पडत होत्या. प्रोग्रॅम दर वेळी सुरू होताना त्या फोल्डराचे नाव नवे असते. शिवाय कित्येक लिनक्स वितरणांत संगणक पुन्हा सुरू होताना टीएमपी रिकामे होते. वीज जाण्याऐवजी नुसता प्रोग्रॅमच बंद पडला असता, तर जुन्या फोल्डरातून फाइली हुडकून काढता आल्या असत्या. तेवढेही नशीब नव्हते.

याच तात्पुरत्या जागेचा आणखी एक त्रास सांगून ठेवतो. चढवली जाणारी फाइल पूर्ण येईपर्यंत टॉमकॅट ती आपल्या कामाच्या तात्पुरत्या फोल्डरात साठवतो. काही लिनक्स वितरणांत दहा दिवस हात न लागलेल्या टीएमपीतील वस्तू आपोआप साफ होतात. त्यात हे कामाचे फोल्डरही गेले, तर दीड आठवडा उत्तम चाललेला प्रोग्रॅम अचानक 'चढवण्याची तात्पुरती जागा योग्य नाही' अशी तक्रार करू लागतो. हा अनुभव विशेषतः जुन्या आवृत्त्यांत येई. सर्व्हर-टॉमकॅट-बेसडिर या मांडणीने ते फोल्डर दुसरीकडे हलवता येते.

आता योग्य व्यवस्था पाहू. प्रोग्रॅम ही आपण लिहिलेली, वाटेल तेव्हा बदलता येणारी वस्तू होय. फाइली या लोकांनी आपल्या हवाली केलेल्या वस्तू होत. दोघांचे बिऱ्हाड वेगळे असले पाहिजे. लिनक्सवर जार '/ऑप्ट/अभ्यासिका/' या फोल्डरात ठेवावी आणि फाइलींसाठी '/डेटा/अभ्यासिका/' असे स्वतंत्र फोल्डर करावे. त्याच्या आत पुन्हा दोन, 'खुले' आणि 'खाजगी'. या दोहोंचा खुलासा पुढे येईल. (येथे आज्ञा आणि पत्ते उच्चाराप्रमाणे दिले आहेत, प्रत्यक्षात ते रोमन लिपीत टंकावयाचे असतात.)

फाइली बाहेर ठेवल्या की दुसरा प्रश्न उभा राहतो. ब्राउझर मागेल तेव्हा त्या द्यायच्या कशा? काहीही प्रक्रिया न करता जशी आहे तशी द्यावयाच्या फाइलीला स्टॅटिक फाइल म्हणतात. चित्र, पीडीएफ, ध्वनिफीत या सर्व त्यात येतात. स्प्रिंग बूट मुळात जारच्या आतल्या चार ठिकाणी अशा फाइली शोधते: मेटा-आयएनएफ मधील रिसोर्सेस, आणि रिसोर्सेस, स्टॅटिक व पब्लिक. बाहेरचे फोल्डर तिला आपण दाखवून द्यावे लागते. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग एका ओळीचा. ॲप्लिकेशन डॉट प्रॉपर्टीज या फाइलीत 'स्प्रिंग.वेब.रिसोर्सेस.स्टॅटिक-लोकेशन्स' या नावापुढे 'फाइल:' असे लिहून फोल्डराचा पत्ता द्यायचा. (२०२० साली आलेल्या २.४ आवृत्तीपूर्वी या नावात 'वेब' हा शब्द नव्हता. जुन्या पुस्तकावरून टंकणाऱ्यांचा येथे हटकून गोंधळ होतो.) मात्र ही ओळ आधीच्या चार ठिकाणांत भर घालीत नाही, त्यांची जागा घेते. फक्त बाहेरचा पत्ता लिहिला तर फाइली दिसू लागतात आणि आपल्या पानांची शैलीपत्रके व चित्रे नाहीशी होतात. म्हणून जुनी ठिकाणेही त्या यादीत स्वल्पविरामाने लिहावी लागतात. आणखी असे की, सर्व ठिकाणे एकाच पत्त्याखाली मिसळतात आणि शोध यादीच्या क्रमाने होतो. बाहेरच्या फोल्डराचे नाव यादीत आधी असेल आणि तेथे कोणी आपल्या मुखपृष्ठाच्याच नावाची फाइल चढवली, तर अभ्यासिकेचे मुखपृष्ठ त्याच्या हाती गेले असे समजावे.

म्हणून मी दुसरा मार्ग पसंत करतो. वेबएमव्हीसीकॉन्फिगरर या इंटरफेसचा एक वर्ग लिहावा आणि त्यातील ॲडरिसोर्सहँडलर्स या पद्धतीत दोन गोष्टी सांगाव्यात. '/प्रश्नपत्रिका/' अशा पत्त्याने जे मागितले जाईल, ते 'फाइल:/डेटा/अभ्यासिका/खुले/' या फोल्डरातून द्यावे. एक पत्ता, एक फोल्डर. घराच्या बाकी खोल्यांचा त्याच्याशी संबंध नाही. फोल्डराचा पत्ता कोडमध्ये कायमचा कोरू नये. तो प्रॉपर्टीजमध्ये लिहावा आणि ती फाइल जारशेजारी कॉन्फिग नावाच्या फोल्डरात ठेवावी. जार त्याच ठिकाणी उभे राहून सुरू केली, तर स्प्रिंग बूट ही बाहेरची फाइल आपणहून वाचते आणि जारच्या आतल्या मांडणीपेक्षा तिला अधिक मान देते. उद्या फाइली मोठ्या डिस्कवर हलवल्या तर एक ओळ बदलली की झाले, प्रोग्रॅम पुन्हा बांधावा लागत नाही.

या मार्गावर विद्यार्थी जेथे अडखळतात त्या जागा मला आता पाठ झाल्या आहेत. सर्वांत मोठी जागा सर्वांत लहान चिन्हाची. फोल्डराच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ हवी. ती नसेल तर जुन्या आवृत्त्यांत शेवटचा शब्द फोल्डर न समजता फाइल समजला जातो, आणि 'खुले' मधील फाइल त्याच्या बाहेर शोधली जाते. उत्तर येते ४०४ आणि विद्यार्थी दोन दिवस कोड तपासत बसतो. नव्या आवृत्त्या ही रेघ स्वतः जोडून घेतात, तरीही सवय ठेवावी. विंडोजवर 'फाइल:' नंतर तीन तिरक्या रेघा, मग 'डी:' हे ड्राइव्हचे नाव, आणि पुढेही उलट्या नव्हे तर सरळच तिरक्या रेघा. दुसरी जागा म्हणजे अर्धवट पत्ता. 'येथल्या येथे अपलोड्स' अशा अर्थाचा पत्ता प्रोग्रॅम जेथे उभा असेल तेथून मोजला जातो. लिनक्सच्या सिस्टिमडीने सेवा सुरू केली आणि कामाचे फोल्डर सांगितले नाही, तर ती मुळाच्या फोल्डरात उभी असते. म्हणून पत्ता नेहमी मुळापासून पूर्ण लिहावा. तिसरी जागा इनेबलवेबएमव्हीसी ही खूण. जुन्या उदाहरणांतून ती सहज उतरवली जाते आणि स्प्रिंग बूटने आपणहून केलेली सगळी मांडणी बंद पडते.

डॉकर वापरणाऱ्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की, कंटेनरच्या आत लिहिलेली फाइल कंटेनर काढून टाकला की जाते. बाहेरचे फोल्डर व्हॉल्यूम म्हणून जोडले तरच ती राहते. रोग तोच, नाव निराळे.

फोल्डर उघडे केले म्हणजे दार उघडले. आता त्या दारातून कोण कोठवर येऊ शकतो हे पाहिले पाहिजे. संगणकाच्या पत्त्यात दोन टिंबे म्हणजे 'एक पायरी वर'. कोणी '/प्रश्नपत्रिका/' पुढे दोन टिंबे व तिरकी रेघ अशा चार-पाच जोड्या लावून शेवटी संगणकाच्या पासवर्ड फाइलीचे नाव मागितले, आणि सर्व्हरने ते शब्द मुकाट्याने फोल्डराच्या पत्त्याला जोडले, तर मागणारा पायऱ्या चढत 'खुले' च्या बाहेर जातो. टिंबे सरळ न लिहिता टक्क्याच्या चिन्हाची सांकेतिक रूपेही वापरली जातात. हे केवळ पुस्तकी भय नव्हे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये अपाची वेब सर्व्हरच्या २.४.४९ या आवृत्तीत नेमका हाच दोष उघड झाला. घाईने काढलेली २.४.५० ही दुरुस्तीही अपुरी ठरली आणि २.४.५१ काढावी लागली. स्प्रिंगमध्येही २०२४ च्या सप्टेंबरमध्ये असा दोष जाहीर झाला. राउटरफंक्शन्स पद्धतीने डिस्कवरील फाइली देणाऱ्या प्रोग्रॅमांना त्याची बाधा होती, आणि ६.१ मालिकेत तो ६.१.१३ मध्ये दुरुस्त झाला. मोठमोठ्या जाणत्यांच्या हातून जे सुटले, ते आपल्या घरगुती कोडमधून सुटणार नाही असे कसे मानावे? म्हणून शक्यतो तयार हँडलरच वापरावा आणि आवृत्ती अद्ययावत ठेवावी.

स्वतः कोड लिहिण्याची वेळ आलीच, तर मागितलेला पत्ता आधी सरळ करून घ्यावा, म्हणजे टिंबांच्या पायऱ्या मोडून टाकाव्यात, आणि मग तो मूळ फोल्डराच्या आतच आहे ना हे तपासावे. ही तपासणी नुसत्या अक्षरांवरून करू नये. 'खुले-जुने' हे नावही 'खुले' या अक्षरांनीच सुरू होते. जावातील पाथ या प्रकाराची तुलना पूर्ण फोल्डरनावाने होते, म्हणून ती वापरावी. 'खुले' मध्ये कोणी सिम्बॉलिक लिंक ठेवली असेल, तर तिच्या वाटेने बाहेर जाता येते, हेही विसरू नये. शेवटचा आधार म्हणजे लिनक्सच्या परवानग्या. प्रोग्रॅम रूट या सर्वाधिकारी खात्याने कधीही चालवू नये. त्याच्यासाठी वेगळे साधे खाते करावे आणि त्या खात्याला आपल्या फोल्डरापलीकडे काही वाचता येणार नाही असे पाहावे. मग कोडमध्ये चूक राहिली तरी हानीला मर्यादा पडते.

आता 'खुले' आणि 'खाजगी' यांचा खुलासा. या लेखातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे.

स्टॅटिक फोल्डर कोणाला 'तू कोण?' असे विचारत नाही. पत्ता बरोबर असला की फाइल देतो. प्रश्नपत्रिकांच्या बाबतीत आपल्याला हेच हवे आहे. परंतु हाच कोड उतरवून पुढे शिष्यवृत्तीच्या किंवा वसतिगृहाच्या अर्जांचा प्रोग्रॅम तयार होतो. त्यात मुले जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, गुणपत्रिका चढवतात. विद्यार्थी-प्रकल्पांत मी अनेकदा पाहिले आहे की, हे सर्व दाखले अपलोड्स नावाच्या एकाच उघड्या फोल्डरात जातात आणि फाइलीचे नाव असते अर्जाचा क्रमांक. एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. लॉगिनचे पान दिमाखात पुढे उभे, पण स्प्रिंग सिक्युरिटीच्या मांडणीत चित्रे दिसत नाहीत म्हणून 'अपलोड्स सर्वांना खुले' अशी एक ओळ घातलेली. ज्याचा अर्ज एकशे दोन आहे त्याने पत्त्यातला आकडा बदलून एकशे तीन केला की शेजाऱ्याच्या घरचे उत्पन्न आणि दाखला त्याच्यापुढे उघडतो. ज्या घरांनी विश्वासाने ही कागदपत्रे दिली, त्यांना याची गंधवार्ताही नसते.

नाव बदलून न ओळखता येणारे केले, म्हणजे यूयूआयडीसारखे यादृच्छिक, तर आकडे मोजून कोणी पोहोचत नाही हे खरे. परंतु तो पत्ता एकदा व्हॉट्सॲपवर पुढे पाठवला गेला की पुन्हा सर्वांना उघडा. लपवलेली किल्ली म्हणजे कुलूप नव्हे. म्हणून 'खाजगी' फोल्डराला कोणताच पत्ता जोडू नये. त्यातील फाइल मागायची तर कंट्रोलरमार्फत मागावी. कंट्रोलरने आधी पाहावे की लॉगिन केलेली व्यक्ती कोण, ही फाइल तिची आहे काय, अथवा ती तपासणीस आहे काय. आणि मगच फाइल द्यावी. ती देताना संपूर्ण फाइल मेमरीत वाचून देऊ नये. स्प्रिंगचा रिसोर्स हा प्रकार परत करावा, म्हणजे मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी जाते, आणि व्याख्यानाची चित्रफीत मधूनच पाहायची असल्यास ब्राउझरला तेवढाच तुकडा, २०६ या उत्तराने, मिळतो.

चढवलेल्या फाइलीच्या प्रकारावरही लक्ष हवे. पीडीएफ मागितली असता कोणी एचटीएमएल किंवा एसव्हीजी चढवली आणि ती आपल्याच पत्त्यावरून दिली गेली, तर तिच्यातील स्क्रिप्ट वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये आपल्या प्रोग्रॅमच्या नावाने चालते. जे प्रकार हवेत तेवढेच घ्यावेत. शंका असेल तेथे 'उघडू नका, उतरवून घ्या' अशा अर्थाचा कंटेंट-डिस्पोझिशन हेडर लावावा.

फाइलींच्या नावांबद्दल मराठी वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखे काही आहे. मुले फाइलीला मराठीत नाव देतात, आणि ते योग्यच आहे. परंतु वेब पत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीने तीन बाइटांचे होते आणि प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह लावून तीन अक्षरांत लिहिला जातो. 'गणित' या शब्दात ग, ण, ऱ्हस्व वेलांटी आणि त अशी चार चिन्हे. पत्त्यात ती छत्तीस अक्षरे होतात. लांब नावाची गत काय होईल ते उघड आहे. तरीही लांबीने फार बिघडत नाही. खरी गंमत आपल्या 'ऱ' ची आहे. 'दुसऱ्या वर्षाच्या नोट्स' या नावातील 'ऱ्या' टंकण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत. 'ऱ' हे युनिकोडमधील एकच चिन्ह असू शकते, किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हे. काही टंकलेखन साधने तर र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरून तेच रूप काढतात. डोळ्यांना तिन्ही सारखीच, संगणकाला मात्र तीन निरनिराळी नावे. ॲपलच्या जुन्या फाइल-पद्धतीत पहिले रूप आपोआप दुसऱ्यात बदलले जाई. लिनक्स मात्र नाव बाइट जुळवून पाहतो. अशा वेळी फाइल समोर दिसते, दुव्यातील नाव अक्षर न अक्षर तेच वाचता येते, आणि उत्तर ४०४. माझा यात एक पूर्ण दिवस गेला होता.

यावर उपाय सोपा आहे. डिस्कवर फाइल यादृच्छिक नावाने ठेवावी, मुलाने दिलेले मराठी नाव डेटाबेसमध्ये ठेवावे, आणि देताना हेडरमधून ते मूळ नाव सांगावे. यामुळे दोन मुलांनी 'नोट्स' याच नावाने फाइल दिली तरी एकीवर दुसरी चढत नाही, आणि नावातून टिंबांच्या पायऱ्या घुसवण्याचाही मार्ग बंद होतो.

प्रश्नपत्रिका दुरुस्त करून पुन्हा ठेवली तरी मुलांना जुनीच दिसते, अशी एक तक्रार नेहमी येते. तो ब्राउझरच्या साठ्याचा परिणाम. किती काळ धरून ठेवावे हे सर्व्हरने सांगितले नसेल, तर ब्राउझर अंदाज बांधतो, आणि प्रचलित अंदाज फाइलीच्या वयाच्या दहा टक्के असा आहे. वर्षभर न बदललेली फाइल तो महिन्याहून अधिक काळ न विचारता वापरू शकतो. हँडलरला कॅशेकंट्रोल जोडून 'नो-कॅश' सांगावे. त्याचा अर्थ 'साठवू नको' असा नसून 'वापरण्यापूर्वी मला विचार' असा आहे. फाइल बदलली नसेल तर सर्व्हर ३०४ एवढेच उत्तर देतो, फाइल पुन्हा पाठवत नाही. अभ्यासिकेच्या एका राउटरवर वीस मोबाइल असताना हा फरक चांगला जाणवतो.

प्रोग्रॅम लोकांच्या हाती देण्यापूर्वी मी आता काही गोष्टी न चुकता करून पाहतो. एक फाइल चढवतो, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करतो, फाइल उघडतो. नवी जार ठेवून तेच करतो. मग संगणकच बंद करून पुन्हा सुरू करतो आणि परत तेच. एका विद्यार्थ्याच्या नावाने लॉगिन करून दुसऱ्याच्या दाखल्याचा पत्ता टंकतो. दोन टिंबांची परीक्षा ब्राउझरमधून करण्यात अर्थ नाही, कारण ब्राउझर त्या पायऱ्या स्वतःच मोडून टाकतो. कर्ल हे साधन 'पाथ-ॲज-इज' या पर्यायासह वापरावे, म्हणजे पत्ता लिहिला तसाच सर्व्हरपर्यंत जातो.

राहता राहिली प्रत काढून ठेवण्याची गोष्ट. फोल्डर वेगळे असल्यामुळे ते पेनड्राइव्हवर उतरवणे सोपे आहे, पण डेटाबेस आणि फोल्डर यांचा क्रम पाळावा. प्रोग्रॅममध्ये आधी फाइल डिस्कवर लिहावी आणि मग तिची नोंद डेटाबेसमध्ये करावी. प्रत घेताना उलट, आधी डेटाबेस आणि मग फोल्डर. असे केले म्हणजे मध्येच कोणी फाइल चढवली तरी प्रतीतील प्रत्येक नोंदीला तिची फाइल सापडते. फार तर एखादी फाइल नोंदीवाचून जास्तीची निघेल, तिने काही बिघडत नाही. त्या अभ्यासिकेत हे काम दर रविवारी सकाळी होते. पेनड्राइव्ह दोन आहेत, आणि त्यांतला एक अभ्यासिकेच्या इमारतीबाहेर ठेवला जातो.